बावडीचं पाणी

माझी माय वर्षातून एकदा नेमानं तुरुंगात जायची. मोहरमच्या दिवशी सकाळी भद्रावतीच्या स्टँडवरून चंद्रपूरची एसटी धरायची. पिशवीत रेवड्या, अगरबत्तीचा पुडा आणि धुऊन उलटी वाळवलेली एक काचेची बाटली. माझा धाकटा भाऊ लहानपणी तापानं फणफणला होता, तेव्हा तिनं गैबीशाहवली बाबाला नवस बोलला होता. भाऊ बरा झाला, नवस फिटला, तरी मायचं जाणं काही थांबलं नाही. आम्ही कुठल्याच अर्थानं मुसलमान नव्हतो. घरासमोर तुळस होती आणि नागपंचमीला भद्रनागाच्या देवळात दूध-लाह्या घेऊन जाणारी पहिली बाई तीच असायची.

चंद्रपूरचं जिल्हा कारागृह जुन्या शहरात आहे आणि गैबीशाहवलींचा दर्गा त्या कारागृहाच्या भिंतीआड. एरवी तिथं कैदी आणि पहारेकरी यांच्याशिवाय कुणाचं पाऊल पडत नाही. मोहरमला मात्र दोन दिवस ते दार सगळ्यांसाठी उघडतं. कोणत्याही जातीधर्माचा माणूस रांगेत लागतो, झडती देतो आणि आत जातो.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. बायकांची रांग वेगळी होती. पुढे बुरख्यातल्या दोघी, मागे नऊवारीतली एक म्हातारी, कडेवर नातू. मी मायला विचारलं, "माय, आपल्याले आतच ठेवून घेतील तं?" ती म्हणाली, "काऊन ठेवतील? पाहुणे आहोत आपण." आत लोबानचा दाट वास, फुलांच्या चादरी आणि बाजूला ती बावडी. पाण्याला लोकांची झुंबड. काढणारा माणूस ओंजळीत पाणी घालायचा आणि मग बाटली भरून द्यायचा. माय तिथंच चार घोट प्यायची, मला पाजायची, उरलेली बाटली घरी देवाजवळ ठेवायची. वर्षभर कुणाला ताप आला की त्यातलं चमचाभर. औषध म्हणून त्यावर माझा विश्वास नाही. तापाला डॉक्टरच लागतो आणि माय डॉक्टरकडेही न्यायचीच. पण त्या पाण्याचा मोहरमशी काय संबंध, ते मला फार उशिरा कळलं.

कळलं ते आमच्या शेजारच्या खालाकडून. मी एकदा तिला हसत हसत "मोहरमच्या शुभेच्छा" म्हणून गेले. ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "बेटी, या दिवसाच्या शुभेच्छा नाही देत. हा गमीचा दिवस आहे." आणि मग तिनं करबला सांगितला. मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना. इसवी सन 680 मध्ये त्याच्या दहाव्या तारखेला पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे बहात्तर साथीदार, आज इराकमध्ये असलेल्या करबलाच्या मैदानात मारले गेले. हुसेननी यजीदच्या सत्तेला मान्यता द्यायला नकार दिला होता. शेवटचे तीन दिवस त्यांचं पाणी तोडलं गेलं. फुरात नदी जवळ वाहत होती आणि तंबूतली लेकरं तहानेनं तळमळत होती. खालाच्या डोळ्यांत तेव्हाही पाणी होतं, जणू कालची गोष्ट.

म्हणून या दिवसांत गल्लोगल्ली सरबताच्या सबिली लागतात. तहानलेल्याला पाजायचं, त्याची जात विचारायची नाही. शिया या दिवशी शोक करतात. अनेक सुन्नी रोजा धरतात, आणि ताजिये, सवाऱ्या हे धर्मात बसत नाही असं मानणारेही त्यांच्यात आहेत. पण आमच्या विदर्भात खेड्याखेड्यांत सवाऱ्या बसतात, पंजे उभे राहतात, आणि कित्येक गावांत हे सगळं करणारी घरं हिंदूंची असतात.

चंद्रपूरला पाण्याचं हे नातं जवळचं वाटलं, याचं मला नवल नाही. हे शहरच तशा गोष्टीवर उभं आहे. गोंडराजा खांडक्या बल्लाळशाहच्या अंगावर फोड होते. झरपटच्या डोहाचं पाणी अंगाला लागलं आणि ते बरे झाले, म्हणून तिथं शहर वसवलं, अशी कथा इथलं लहान पोरही सांगतं. अचलेश्वराचं देऊळ त्याच झरपटकाठी आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर या चार दरवाजांच्या शहरात एका पिराच्या बावडीला मान मिळावा, हे ओघानं आलं.

त्या कारागृहात आणखी एक जागा आहे. तिथं थांबल्याशिवाय माय बाहेर पडत नसे. 21 ऑक्टोबर 1858 ला इंग्रजांनी वीर बाबुराव शेडमाके यांना इथं पिंपळाच्या झाडाला फाशी दिली. मोलमपल्लीचे हे गोंड जमीनदार तेव्हा अवघे पंचवीस वर्षांचे होते. परक्या सत्तेपुढे त्यांनी मान तुकवली नाही. माय पिंपळाकडे बघून हात जोडायची, पण बोलायची काही नाही. आज वाटतं, हुसेनची गोष्ट आमच्या माणसांना परकी का वाटली नाही, याचं अर्धं उत्तर त्या पिंपळापाशी होतं.

2025 मध्ये मोहरमची दहावी तारीख आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली, 6 जुलैला. मला उपवास होता. खालाच्या सुनेनं दारात सरबताचा ग्लास धरला आणि स्वतःच म्हणाली, "काकू, फक्त साखर-लिंबू आहे, चालते तुम्हाले." तिचा स्वतःचा रोजा होता. ती प्यायली नाही, मला पाजलं.

माय आता नाही. बाटली मी ठेवली आहे, फक्त काचेच्या जागी प्लास्टिकची आली. चांद्रवर्षामुळे मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा कॅलेंडर आधीच बघून ठेवा. चंद्रपूरला या, रांगेत उभं राहायची तयारी ठेवा, आणि येताना एक रिकामी बाटली आणा.