गिअरबॉक्स गेला? आधी खात्री करून घ्या

आंबा घाट निम्माअधिक चढून झाला होता. रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. गाडीत आम्ही दोघे, मुले आणि मागच्या सीटवर सासूबाई. पुढे मालाने भरलेला ट्रक, त्यामुळे दर वळणावर थांबत, अर्धा क्लच दाबून गाडी तोलत रखडत चाललो होतो. ‘‘काहीतरी जळतंय,’’ सासूबाई दोनदा म्हणाल्या. वास त्या ट्रकचा असेल, असे सांगून मी त्यांना गप्प केले. पुढच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतेच ओरडले, गाडी काही पुढे सरकेना.

गाडी ओढून नेली त्या गॅरेजमध्ये बॉनेट न उघडताच निकाल मिळाला, ‘‘गिअरबॉक्स गेला. सगळा खोलावा लागेल.’’ मी मान डोलावणारच होते, पण माझ्या मावसभावाने कोल्हापूरच्या उद्यमनगरातला त्याचा जुना मिस्त्री बोलावून आणला. मिस्त्रीने हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय ठेवला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच हळूहळू सोडला. क्लच चांगला असेल तर अशा वेळी इंजिन धक्का खाऊन बंद पडते. आमचे इंजिन आरामात चालत राहिले. ‘‘गिअरबॉक्स ठणठणीत आहे. क्लच प्लेट संपलीय,’’ मिस्त्री म्हणाला.

क्लच प्लेट बदलायची तरी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतोच. पण उतरवणे वेगळे आणि खोलणे वेगळे. बिलातला मोठा फरक या दोन शब्दांतच असतो आणि बहुतेक गाडीमालकांना तो माहीत नसतो.

क्लच कसा झिजतो?

इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक फिरत असते. क्लच प्लेट प्रेशर प्लेटच्या जोराने त्याला घट्ट चिकटून बसते आणि इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे पोहोचवते. पेडल दाबले की प्लेट सुटते, सोडले की पुन्हा चिकटते. अर्धे दाबून ठेवले तर ती ना धड सुटते, ना धड चिकटते, घासत राहते. चढावर हँडब्रेक न ओढता क्लचवर गाडी तोलणे आणि डावा पाय सतत पेडलवर टेकवून ठेवणे, या दोन सवयींनी चांगली प्लेटही लवकर संपते. जळका वास ही तिची शेवटची नव्हे, पहिली तक्रार असते. तेव्हाच गाडी बाजूला घेऊन क्लच थंड होऊ दिला, तर पुष्कळदा निभावून जाते.

प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलून घेणे शहाणपणाचे. पैसे वाचवण्यासाठी जुने बेअरिंग तसेच ठेवले आणि ते पुढे आवाज करू लागले, तर तीच उतरवाउतरवीची मजुरी पुन्हा भरावी लागते. फ्लायव्हीलवर जळल्याचे डाग किंवा चरे आहेत का, इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपते का, हेही त्याच वेळी पाहायला सांगा. काढलेले सुटे भाग मागून घ्यायला संकोच कसला?

आवाज कुठून येतो?

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. आता क्लच दाबा. दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट, पाय वर असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या आतले बेअरिंग तपासावे लागेल.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, पण चालू करताच एकही पडत नाही, असे झाले तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. केबल सैल झाली असेल किंवा क्लचचे फ्लुइड कमी झाले असेल. काम किरकोळ असू शकते. पण एकच ठराविक गिअर कर्रकन वाजत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजल्याची शक्यता जास्त. हे खरे गिअरबॉक्सचे दुखणे. रिव्हर्सला मात्र बऱ्याच गाड्यांत ही रिंग नसतेच. म्हणून गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबल्यावर दोनतीन सेकंद थांबूनच रिव्हर्स टाकावा. मागे जाताना येणारा बारीक ‘हूंऽऽ’ आवाज त्या गिअरच्या सरळ दात्यांचा असतो, त्याने घाबरून जाऊ नये.

इंजिन ऑइल बदलण्याची आठवण सर्वांना असते, गिअर ऑइलची क्वचितच कुणाला. ते केव्हा बदलायचे आणि कोणते घालायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. जीएल-४ सांगितले असताना ‘वरचा नंबर चांगला’ म्हणून जीएल-५ घालू देऊ नका. त्यातली काही रसायने पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. ऑइल काढताना आधी भरायचा बोल्ट सुटतो की नाही, ते पाहायला लावा. खालचा उघडून जुने ऑइल सांडून गेले आणि वरचा हललाच नाही, तर गाडी तिथेच अडकून पडते. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काळसर, मऊ लगदा दिसणे स्वाभाविक आहे, धातूचे तुकडे दिसणे नव्हे. मुंबईत २६ जुलै २००५ ला झाला तसा पूर आला आणि गाडी खोल पाण्यात उभी राहिली, तर गिअर ऑइल अवश्य तपासा. ते दुधाळ दिसले म्हणजे आत पाणी शिरले आहे.

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात. आमचे वडीलही त्यांच्यापैकीच! पण आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात, गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बहुधा इंधन पूर्ण तुटते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. शिवाय इंजिनचा रोध गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब घाटात तापलेले ब्रेक ऐनवेळी दगा देऊ शकतात.

क्लचचे पेडल नसलेल्या गाड्या आता पुष्कळ दिसतात. त्यांतल्या एएमटी प्रकारात आत साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो, फक्त तो दाबण्याचे काम यंत्र करते. म्हणून चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलली तर इथेही प्लेट जळणारच. ब्रेकच दाबा. पूर्ण ऑटोमॅटिक गाडी उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक ओढा आणि मग ‘पी’मध्ये टाका, म्हणजे गाडीचा सगळा भार आतल्या एका लहानशा खिट्टीवर पडत नाही. आणि अशी गाडी बंद पडली तर दोरखंड बांधून ओढू नका. इंजिन बंद असताना आतल्या भागांना तेल मिळत नाही. तिला सरळ ट्रकवर चढवून न्या, मागे कितीही हॉर्न वाजोत.