गव्हानंतरचा ऊस : जरा थांबा!

सभासद बंधूंनो, गव्हाची काढणी सुरू झाली की गट कचेरीत एकच प्रश्न येतो, "साहेब, रान मोकळं झालंय, ऊस लावून टाकू का?" रान मोकळे झाले म्हणजे हंगाम आला असे नव्हे.

आपल्याकडे आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू १५ फेब्रुवारीपर्यंत उरकावी. उगवणीला ऊब लागते. पारा २० अंशांखाली गेला की डोळा रेंगाळतो. म्हणूनच कडक थंडीच्या उत्तर प्रदेशात वसंती लागण फेब्रुवारी-मार्चात करतात. त्यांचे पाहून आपण मार्च-एप्रिल गाठला, तर कोवळा कोंब ऐन उन्हात सापडतो. फुटवे कमी निघतात, खोडकिडा पोंगे मारतो, आणि विहीर तळ गाठते तेव्हाच पाण्याच्या पाळ्या वाढतात. पुढे तोडणीला ऊस धड वर्षाचाही भरत नाही. मग वजन कोठून येणार? को ८६०३२ तिन्ही हंगामांत चालतो हे खरे, पण वाण काही वेळ भरून देत नाही.

मग करावे काय? गव्हाच्या रानात पावसाळ्याच्या तोंडावर ताग पेरून गाडा व ऑक्टोबरात पूर्वहंगामी लावा. सरीत कांदा, हरभराही निघतो. आडसाली १६-१८ महिने रान अडवतो, तेव्हा उन्हाळ्यात खात्रीचे पाणी असेल तरच त्याच्या नादी लागा. अगदीच अडले, तर एक डोळ्याची रोपे आधी तयार ठेवावीत. महिनाभर तरी वाचतो.

— ऊस विकास अधिकारी