बांधावरची मिरची

मिरचीच्या ठेच्याशिवाय आपली भाकरी पुढं सरकत नाही. पण ही मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून गोव्याला उतरली आणि हां हां म्हणता घाट चढून आपल्या पाट्यावर आली. तोवर आपला तिखटपणा मिऱ्यांचा होता. मिरचीला नावही मिऱ्यांवरूनच मिळालं.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळला भोरचा फाटा लागतो. अशा गावांत परसात, कुंपणाखाली लवंगी मिरचीचं एखादं झुडूप कुणी न लावता उगवतं. बारकं फळ, आभाळाकडे तोंड, पिकलं की देठापासून सहज सुटणारं. ही रानमिरचीची लक्षणं. खरं तर हे झुडूप घरातून रानात गेलेलं; पण रानाचा चिवटपणा त्यानं सोडलेला नाही.

याचं बी पेरतं कोण? पाखरं! पोपट मिरची मिटक्या मारत खातो, कारण तिच्यातलं कॅप्सेसिन पाखरांना झोंबतच नाही. उंदीर मात्र तोंड फिरवतो. ते बरंच, कारण त्याच्या पोटातून गेलेलं बी रुजत नाही, पाखराच्या विष्ठेतलं रुजतं. हे २००१ साली प्रयोगानं सिद्ध झालं. २००८ साली बोलिव्हियातल्या रानमिरचीवरून असंही दिसलं, की तिखटपणा बुरशीपासून बियांची राखण करतो.

आपण मिरची निवडली ती रंग, आकार आणि उतारा पाहून. रोगाशी झुंजण्याची ताकद मागं पडली. बोकड्यानं पानं आकसतात, फळकुजीनं तोडा वाया जातो, आणि शेतकरी फवारणीपायी कर्जात बुडतो. मग पैदासकार जुन्या नात्यागोत्याकडे वळतात. फळकुजीला दाद न देणारे वाण तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रातल्या संशोधकांना असेच बॅकॅटम या दक्षिण अमेरिकी जातीत सापडले.

तेव्हा बांधावरचं असं झुडूप तण म्हणून उपटू नका. निरोगी झाडाची लालबुंद फळं सावलीत वाळवा, बी कोरड्या बरणीत ठेवा. शेजारी दुसरी मिरची असेल, तर मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. म्हणून कळ्या असतानाच फांदीला मलमलची पिशवी बांधा. बी राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि आपला वाण नोंदवण्याचा हक्क २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला दिला आहे. पण हक्क बजावायला आधी घरात बी तर हवं!