महामारीनंतरचें आकाश : इंडिगो कंपनीचे विमानमार्ग व त्यांचा विस्तार

नकाशावर दोन गांवांच्या मध्यें एक रेघ ओढणें हें फार सोपें काम आहे. परंतु त्या रेघेवरून दररोज ठरल्या वेळीं विमान न्यावयाचें, तें उतारूंनीं भरावयाचें, आणि वर्षाअखेर जमाखर्च मांडला असतां तोटा न यावा अशी व्यवस्था राखावयाची, हें काम किती बिकट आहे ह्याची कल्पना नुसता नकाशा पाहून येत नाहीं. अशा शेंकडों रेघा मिळून जें जाळें तयार होतें, तेंच विमानकंपनीचें खरें भांडवल होय. आपल्या देशांतील सर्वांत मोठी विमानकंपनी जी इंडिगो, तिचें जाळें कसें विणलें गेलें, कोरोनाच्या सांथींत तें कसें तुटलें, पुन्हा कसें सांधलें गेलें, आणि यापुढें तें कोठवर पसरूं शकेल, ह्या गोष्टींचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय व्यापाराचा दिसतो खरा. परंतु आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस उद्यां विद्येसाठीं अगर पोटासाठीं दूरदेशीं जावें लागणार आहे, व त्यांचें जाणेंयेणें ह्याच रेघांवर अवलंबून राहणार आहे.

राहुल भाटिया व राकेश गंगवाल ह्या दोघांनीं ही कंपनी स्थापिली. एकहि विमान उडविण्यापूर्वींच, २००५ सालीं, तिनें एअरबस कारखान्याकडे १०० विमानांची मागणी नोंदविली, तेव्हां पुष्कळांस तें धाडस वाटलें. ता. ४ ऑगस्ट २००६ रोजीं तिचें पहिलें विमान दिल्लीहून गुवाहाटीमार्गें इंफाळला गेलें. तिची रीत साधी होती. प्रथमपासून तिनें बहुतेक सर्व विमानें एकाच जातीचीं, म्हणजे एअरबस ए-३२० ह्या कुळांतील ठेविलीं. ह्यायोगें एका विमानाचा वैमानिक दुसऱ्या विमानावर बसवितां येतो, सुटे भाग एकाच प्रकारचे सांठवावे लागतात, व दुरुस्तीचें शिक्षण एकदांच द्यावें लागतें. ता. १ सप्टेंबर २०११ रोजीं तिनें दिल्लीहून दुबईस विमान पाठवून परदेशगमनास आरंभ केला, आणि २०१२ सालीं देशांतील उतारूंच्या संख्येंत तिनें पहिला क्रमांक मिळविला. पुढें २०१७ सालीं लहान गांवांकरितां तिनें पंख्याचीं ए.टी.आर. विमानेंहि घेतलीं, कारण आंखूड धांवपट्टीवर व थोड्या उतारूंत मोठें विमान परवडत नाहीं.

आतां मार्गांचें जाळें विणण्याच्या दोन पद्धती आहेत, त्या समजून घेऊं. समजा, दहा गांवें आहेत. प्रत्येक गांव दुसऱ्या प्रत्येक गांवाशीं थेट जोडावयाचें म्हटलें, तर गणितानें ४५ मार्ग लागतात. परंतु त्यांपैकीं एक गांव मध्यवर्ती धरून बाकीचीं नऊ त्यास जोडलीं, तर केवळ ९ मार्गांत काम भागतें. मात्र उतारूस मध्यें विमान बदलावें लागतें. ही दुसरी पद्धत बैलगाडीच्या चाकाप्रमाणें आहे: मध्यें तुंबा आणि त्यांत बसविलेले आरे. पहिल्या पद्धतींत उतारूचा वेळ वांचतो, दुसरींत कंपनीचा पैसा वांचतो. इंडिगोनें ह्या दोहोंचा मेळ घातला आहे. दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद, कलकत्ता ह्यांसारखीं शहरें तिचे तुंबे आहेत. तथापि जेथें पुरेसे उतारू मिळतात, तेथें मधलें शहर टाळून थेट विमान सोडण्यास ती मागेंपुढें पाहत नाहीं.

विमानाची आसनें हा नाशवंत माल आहे. भाजीवाल्याची मेथी सायंकाळपर्यंत न विकली गेली तर निदान पडत्या भावानें तरी जाते. विमानानें जमीन सोडली म्हणजे रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. इंधन, वैमानिकांचें वेतन, विमानाचें भाडें, विमानतळाची पट्टी, हे खर्च आसनें भरोत अगर न भरोत, बहुतेक तेवढेच राहतात. त्यांतहि इंधनाचा वाटा मोठा, आणि विमानांचें भाडें डॉलरमध्यें द्यावें लागत असल्यामुळें रुपया घसरला कीं खर्च आपोआप वाढतो. ह्यावरून विमान एक दिवस जमिनीवर राहिलें तर कंपनीचें काय होतें, ह्याचा अंदाज वाचकांनीं करावा. आणि मग सगळींच विमानें दोन महिने जमिनीवर राहिलीं तर काय झालें असेल, हें मनांत आणावें.

तसेंच २०२० सालीं झालें. कोरोनाची सांथ पसरूं नये म्हणून ता. २५ मार्चपासून देशांतील उतारूंचीं सर्व विमानें बंद झालीं. ता. २५ मे रोजीं तीं पुन्हा सुरू झालीं तेव्हां पूर्वींच्या एकतृतीयांशच उड्डाणांस परवानगी होती, व ही मर्यादा पूर्णपणें उठण्यास ता. १८ ऑक्टोबर २०२१ हा दिवस उजाडावा लागला. परदेशचीं नियमित उड्डाणें तर ता. २७ मार्च २०२२ पर्यंत बंदच होतीं. मधल्या काळांत निरनिराळ्या देशांशीं तात्पुरते करार करून कांहीं विमानें चालविलीं गेलीं. २०१९ सालीं देशांतर्गत उतारूंची संख्या सुमारें १४ कोटि ४० लक्ष होती, ती २०२० सालीं ६ कोटि ३० लक्षांवर आली. जुलै २०२० मध्यें इंडिगोनें आपल्या दर दहा नोकरांपैकीं एकास कमी करण्याचें जाहीर केलें. आंकड्यांच्या मागें कुटुंबें असतात, हें आम्हीं विसरूं नये.

सांथ ओसरल्यावर मात्र जें घडलें तें अनेकांच्या अपेक्षेपलीकडचें होतें. देशांतर्गत उतारूंची संख्या २०२३ सालीं सुमारें १५ कोटि २० लक्षांवर गेली, व २०२४ सालीं १६ कोटींच्या पुढें. ह्या वाढीचा सर्वांत मोठा वाटा इंडिगोस मिळाला. ह्याचीं कारणें दोन. पहिलें, तिची विमानांची मागणी आधींच नोंदविलेली असल्यामुळें कारखान्यांतून नवीं विमानें येत राहिलीं. दुसरें, प्रतिस्पर्धी एकामागून एक गळाले. जेट एअरवेज ही कंपनी सांथीपूर्वींच, एप्रिल २०१९ मध्यें, बंद पडली होती. गो फर्स्ट ही मे २०२३ मध्यें थांबली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्यें टाटांकडे परत गेली, व तिला आपली घडी नव्यानें बसवावी लागली. डिसेंबर २०२३ मध्यें, एका वर्षांत १० कोटि उतारू नेणारी पहिली भारतीय कंपनी हा मान इंडिगोस मिळाला. २०२५ सालीं तिच्या ताफ्यांत ४०० हून अधिक विमानें होतीं, देशांतील नव्वदांहून अधिक व परदेशांतील चाळिसांहून अधिक ठिकाणीं तीं जात होतीं, आणि देशांत विमानानें जाणाऱ्या दर दहा उतारूंपैकीं सहांहून अधिक उतारू तिचे होते.

ह्यापुढील विस्तार कोणत्या दिशेनें होणार, हें विमानाच्या पल्ल्यावरून समजतें. ए-३२० कुळांतील नवें विमान एका दमांत सुमारें ६,००० किलोमीटर जातें. तेवढ्या पल्ल्यांत आखाती देश, आग्नेय आशिया, मध्य आशिया व पूर्व आफ्रिकेचा कांठ येतो. म्हणूनच २०२३ सालीं कंपनीनें मुंबईहून नैरोबी व जकार्ता हे मार्ग उघडले, आणि दिल्लीहून तिबिलिसी, बाकू, ताश्कंद व अल्माटी येथें विमानें पाठविलीं. पश्चिम युरोपास मोठें विमान पाहिजे. तें हातीं नसल्यामुळें तिनें परक्या कंपनीचीं बोइंग ७८७ जातीचीं विमानें भाड्यानें घेऊन जुलै २०२५ मध्यें मुंबईहून मँचेस्टर व ॲम्स्टरडॅम येथें उड्डाणें सुरू केलीं. कायमच्या सोयीसाठीं तिनें एप्रिल २०२४ मध्यें ए-३५० जातीचीं ३० मोठीं विमानें मागविलीं, व २०२५ सालीं तो आंकडा ६० वर नेला. त्यापूर्वीं, जून २०२३ मध्यें, तिनें ए-३२० कुळांतील एकदम ५०० विमानांची मागणी नोंदविली होती. त्या काळापर्यंत जगांत कोणत्याहि कंपनीनें एकाच वेळीं एवढी मागणी केली नव्हती. तीं विमानें २०३० ते २०३५ ह्या अवधींत यावयाचीं आहेत.

ह्या महत्त्वाकांक्षेचें मूळ भूगोलांत आहे. भारत देश युरोप व आग्नेय आशिया ह्यांच्या मध्यावर बसला आहे. असें असून आजवर आपल्याकडील लक्षावधि उतारू पश्चिमेकडे जातांना दुबई अगर दोहा येथें विमान बदलीत आले. तो तुंबा मुंबईस अगर दिल्लीस बसवितां आला, तर विमानतळांवरील रोजगार व व्यापार आपल्याच देशांत राहील. परंतु त्यासाठीं जागा हवी. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदून जातात, त्यामुळें दोन्ही एकाच वेळीं वापरतां येत नाहींत. ह्या अडचणीवर उपाय म्हणून बांधलेल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून ता. २५ डिसेंबर २०२५ रोजीं उतारूंची वाहतूक सुरू झाली, व तेथें पहिलें विमान बंगळूरहून आलें तें इंडिगोचेंच. गोव्यांत मोपा येथील विमानतळावरहि ता. ५ जानेवारी २०२३ रोजीं पहिलें विमान तिचेंच, हैदराबादहून, उतरलें होतें.

परंतु विस्ताराच्या वाटेंत कांटेहि आहेत. पहिला कांटा यंत्राचा. प्रॅट अँड व्हिटनी ह्या कारखान्याच्या कांहीं एंजिनांतील भाग ज्या धातूच्या भुकटीपासून बनविले होते तींत दोष असल्याचें २०२३ सालीं उघड झालें, आणि तपासणीसाठीं इंडिगोचीं सत्तरांहून अधिक विमानें एका वेळीं उभीं करून ठेवावीं लागलीं. दुसरा कांटा राजकारणाचा. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, तेव्हां वळसा घालावा लागल्यामुळें ताश्कंद व अल्माटी हीं ठिकाणें लहान विमानाच्या पल्ल्याबाहेर गेलीं, व ते मार्ग थांबवावे लागले. आकाशाला भिंती नसतात असें कवि म्हणोत. वैमानिकास त्या पदोपदीं दिसतात.

तिसरा कांटा मनुष्यबळाचा, व तोच सर्वांत बोधप्रद आहे. थकलेल्या वैमानिकाच्या हातीं दीडदोनशें जीव सोंपविणें योग्य नव्हे, म्हणून सरकारनें विश्रांतीचे नियम कडक केले. आठवड्यांतून सलग ३६ तासांऐवजीं ४८ तास विश्रांति, आणि रात्रींच्या वेळीं विमान उतरविण्याच्या संख्येवर पूर्वीपेक्षां पुष्कळ कमी मर्यादा, असे हे नियम होते. त्यांचा शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. हे नियम अचानक आले नव्हते. तथापि आपल्या भरगच्च वेळापत्रकास पुरतील इतके वैमानिक इंडिगोनें तयार ठेविले नव्हते. डिसेंबरच्या आरंभीं तिचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं, ता. ५ रोजीं तर एकाच दिवशीं हजारांहून अधिक. लग्नें, परीक्षा, रुग्णांच्या भेटी, सर्व खोळंबलें. सरकारनें त्या नियमांपैकीं कांहींतून कंपनीस तात्पुरती सवलत दिली, आणि नंतर तिच्या वेळापत्रकांत शेंकडा १० कपात केली. दहांतील सहा उतारू एकाच कंपनीच्या गाडींत बसलेले असले, म्हणजे तिचें चाक निखळतांच साऱ्या देशाचा प्रवास थांबतो, हें त्या आठवड्यांत सर्वांच्या प्रत्ययास आलें. मोठेपणा ही जशी शक्ति, तशीच ती जबाबदारीहि आहे.

शेवटीं लहान गांवांचा प्रश्न. ता. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर ह्या मार्गावर पहिली एस.टी. धांवली, आणि पुढें ती अशा खेड्यांतहि गेली जेथें दिवसाकाठीं चार उतारू मिळत. विमानकंपनीकडून ती अपेक्षा करतां येत नाहीं, कारण ती नफ्यासाठीं चालते. म्हणून सरकारनें 'उडान' योजना काढली, व तिच्यांतील पहिलें विमान एप्रिल २०१७ मध्यें सिमल्याहून दिल्लीस गेलें. ह्या योजनेंत लहान मार्गांवरील तूट ठराविक मुदतीपर्यंत भरून दिली जाते. कोल्हापूर, नाशिक ह्यांसारख्या शहरांचा विमानाशीं संबंध जुळण्यास तिचें साहाय्य झालें. परंतु देशांतील अनेक मार्ग मदतीची मुदत संपतांच बंदहि पडले. रेघ ओढण्यापेक्षां ती टिकविणें कठीण, हें जें आम्हीं आरंभीं म्हटलें, त्याचा पुरावा येथें मिळतो.

ह्या सर्वांवरून इंडिगोच्या भवितव्याविषयीं काय म्हणावें? विमानांची मागणी नोंदलेली आहे, उतारू वाढत आहेत, नवे विमानतळ उघडत आहेत. तेव्हां जाळें पसरेल ह्यांत संशय नाहीं. तें टिकाऊ होईल कीं नाहीं, हें मात्र तीन गोष्टींवर ठरेल: वैमानिक व कारागीर ह्यांची पुरेशी तयारी होते कीं नाहीं, अडचणीच्या दिवसासाठीं कांहीं विमानें व माणसें राखून ठेविलीं जातात कीं नाहीं, आणि तिच्या तोलाची दुसरी एखादी कंपनी उभी राहून उतारूस निवडीचें स्वातंत्र्य मिळतें कीं नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां वैमानिक होतील, कोणी एंजिनांची तपासणी करतील, कोणी वेळापत्रकें आंखतील. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, नवी रेघ ओढण्याचा उत्साह अवश्य धरावा. परंतु त्या रेघेच्या शेवटीं कोणीतरी आपल्या माणसाची वाट पाहत उभें आहे, हें ध्यानांत ठेवून मगच ती ओढावी.