एका दिवसात मुंबई : मावळातून निघण्याआधी

शनिवार-रविवारी अर्धी मुंबई लोणावळ्यात उतरलेली असते. भुशी धरणाच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली की गावातला माणूस पाव आणायलासुद्धा बाजारात जात नाही. उलट दिशेचा प्रवास मात्र कामापुरता असतो : कोर्टाची तारीख, दवाखाना, मंत्रालय, विमानतळावर कुणाला सोडणं. निव्वळ मुंबई बघायला म्हणून कामशेत, वडगाव, कार्ल्याकडचं एखादं घर निघतं ते मे महिन्यात नाहीतर दिवाळीनंतर, आणि तेही रात्री घरी परतायच्या बोलीवर. या बेताभोवती ज्या समजुती फिरतात त्यातल्या बऱ्याचशा कुणाच्या तरी जुन्या शाळेच्या सहलीतून आलेल्या आहेत. मुंबई तेवढ्यात बरीच बदलली.

"लोकलने जाऊ, स्वस्तात पडेल."

पुण्याची लोकल लोणावळ्याला संपते. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीला संपते. मधल्या बोरघाटात लोकल नाही. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटाचा चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र आहे. परतीच्या वाटेवर एक्सप्रेस कर्जतला थांबते ती दिवाडकरांच्या वड्यासाठी नव्हे, तर मागून ढकलायला जादा इंजिनं जोडायला. त्यामुळे लोणावळ्याहून एक्सप्रेसला पर्याय नाही. मळवली, कामशेत, कान्हे, वडगावच्या मंडळींनी पहाटेच्या लोकलने लोणावळा गाठायचं आणि तिथे गाडी बदलायची.

आणि एक्सप्रेसमध्ये "कुठेतरी बसू" हेही धरून चालू नये. या गाड्यांना पासधारकांचे वेगळे डबे असतात. तिथला रोजचा माणूस आपली जागा सांगायला तोंडही उघडत नाही, डबा हातात धरून नुसता तुमच्यापुढे उभा राहतो. साधं तिकीट काढून त्या डब्यात चढलेल्याला तपासनीस भेटला तर दंड वेगळा. आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं (पूर्वी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं), तेव्हा सुट्टीचा बेत असेल तर दोन्ही बाजूंची तिकिटं त्याच बैठकीत काढावीत. घाट बघायला मुंबईकर २०२१ पासून काचेच्या छताच्या डब्याचे जादा पैसे मोजतात. आपल्याकडची पोरं खंडाळा सुटला की झोपतात.

"सकाळी निघालं की अख्खा दिवस हातात."

इथे सगळे बेत फसतात. सिंहगड एक्सप्रेस लोणावळ्याला सातच्या सुमारास येते आणि दहाच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे सीएसएमटीला, पोचवते. डेक्कन क्वीन सव्वाआठच्या आसपास येते आणि साडेदहाच्या आत पोचवते. परतीला प्रगती, डेक्कन क्वीन आणि सिंहगड या तिन्ही गाड्या दुपारी सव्वाचार ते संध्याकाळी सहा या वेळात सुटतात. वेळापत्रकात पाच-दहा मिनिटं इकडची तिकडे होत राहतात, निघण्याआधी एकदा बघून घ्यावं. पण हिशेब तोच राहतो : हातात सात तास. त्यातून जेवण, रांगा आणि "बाबा, शू" वजा करा. पाच उरले तर नशीब.

या पाच तासांत गेटवे, म्हातारीचा बूट, सिद्धिविनायक, राणीची बाग आणि जुहू चौपाटी होत नाही. जुहू सीएसएमटीपासून वीस किलोमीटरहून लांब आहे. माझं मत विचाराल तर सीएसएमटी ते कुलाबा एवढाच पट्टा धरावा. हुतात्मा चौक, वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन, गेटवे हे सगळं त्यात पायी होतं, आणि रस्त्यात ज्या इमारतींकडे मान वर करून बघावं त्या फुकट आहेत. ज्या स्टेशनात आपण उतरतो तेच २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. लोक मात्र टॅक्सी गाठायच्या घाईत त्याच्याकडे पाठ करून निघून जातात. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला पाच मिनिटं थांबावं, इमारत तिथून दिसते.

"स्टेशनवरून रिक्षा करू."

दक्षिण मुंबईत रिक्षाला परवानगीच नाही. रिक्षा वांद्रे-शीवच्या अलीकडे येत नाही. इथे चालते ती काळी-पिवळी टॅक्सी, मीटरने, किमान भाडं ३१ रुपये (फेब्रुवारी २०२५ पासून). चौघांत गेटवेपर्यंत ती महाग पडत नाही. सीएसएमटीहून बेस्टची विजेवरची दुमजली बसही सुटते. जुन्या लाल डिझेल दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्येच रस्त्यावरून गेल्या, पण पोरांना वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर निम्मी सहल तिथेच वसूल होते.

ज्यांना सिद्धिविनायकाला जायचंच आहे त्यांच्यासाठी खरा बदल जमिनीखाली झाला आहे. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. सीएसएमटीला खाली उतरायचं आणि सिद्धिविनायक नावाच्याच स्थानकावर वर यायचं. दादरला उतरून टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्याचा काळ सरला. मंगळवार मात्र टाळावा. रांगेतच सात तास जातील.

"आपली गाडी काढली की मोकळं."

मोकळं द्रुतगती मार्ग संपेपर्यंत. मुंबईच्या वेशीवरचे टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहेत हे खरं, पण द्रुतगतीचा टोल आहेच. अटल सेतूवरून गेलात तर एका खेपेला २५० रुपये, आणि दुचाकीला तिथे मज्जाव. खरी अडचण फोर्टात गाडी लावायची. बाप गाडीत बसून राहतो आणि बाकीचे गेटवे बघून येतात, असं दृश्य कुलाब्यात रोज दिसतं.

"रविवार बरा, गर्दी कमी."

फोर्टातले रस्ते रविवारी रिकामे असतात हे खरं. पण रविवार हा मेगाब्लॉकचाही दिवस. लोकल उशिरा धावतात, काही रद्द होतात, आणि मोठं काम असलं तर पुण्याच्या गाड्यांनाही फटका बसतो. ब्लॉकचं पत्रक शनिवारच्या पेपरात आणि रेल्वेच्या खात्यावर येतं, ते वाचून घ्यावं. शिवाय गेटवेच्या धक्क्यावर रविवारी अख्खा महाराष्ट्र असतो.

"सोमवारी सगळं बंद असतं."

सगळं नाही, आणि बंद असलेलं सगळं सोमवारीच असतं असंही नाही. घारापुरीची लेणी आणि वरळीचं नेहरू तारांगण सोमवारी बंद. भायखळ्याची राणीची बाग आणि तिला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही सकाळी सव्वादहाला उघडतं. सोमवारचाच दिवस मिळाला असेल तर संग्रहालय करा, घारापुरी सोडा. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय, ज्याच्यासाठी आपल्या पिढीने शाळेच्या सहलीत उन्हात रांगा लावल्या, ते काही वर्षांपासून बंदच आहे. यादीतून ते काढून टाका.

मलबार हिलच्या टेकडीवरच्या नव्या लाकडी वाटेवर, झाडांमधून चालायची सोय मार्च २०२५ मध्ये झाली. तिचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, वेळेच्या खिडक्या असतात. शेजारचं हँगिंग गार्डन हे कुठेही लटकत नाही. ते पाण्याच्या मोठ्या टाकीच्या छतावर केलेलं उद्यान आहे.

"घारापुरी म्हणजे मुंबईचीच कार्ले लेणी."

कार्ले, भाजे, बेडसे उशाशी असलेल्या माणसाने हे म्हणावं याचं वाईट वाटतं. कार्ल्याचं चैत्यगृह बौद्ध, आणि घारापुरीच्या मुख्य लेण्याहून कित्येक शतकांनी जुनं. घारापुरी शैव, साधारण सहाव्या शतकातली. कार्ल्यात बघायचं ते खांबांच्या रांगा, कमानदार छताच्या लाकडी फासळ्या आणि कुणी कुठला खांब दान दिला ते सांगणारे लेख. घारापुरीत बघायची ती मूर्ती. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत ती दिसत नाही, मग मागच्या भिंतीतून सुमारे १८ फुटांचे तीन चेहरे हळूहळू पुढे येतात. त्यांना त्रिमूर्ती म्हणायची सवय आहे, आणि ब्रह्मा-विष्णू-महेश असं शाळेत सांगितलं जातं. ते तिघे नाहीत. एकाच शिवाची तीन रूपं आहेत : मधलं शांत, एका बाजूचं उग्र, मिशा आणि साप असलेलं, दुसऱ्या बाजूचं कोमल, स्त्रीरूप. पोरांना बाजूचे दोन चेहरे निरखून बघायला सांगा, त्यांना फरक मोठ्यांच्या आधी कळतो.

बेट मुंबईत नाही, रायगड जिल्ह्यात आहे, उरण तालुक्यात. गेटवेहून लाँच तासभर घेते. वर शंभराहून जास्त पायऱ्या. जाणं-येणं आणि बघणं धरून चार तास हमखास जातात; म्हणजे घारापुरी केली तर त्या दिवशी दुसरं काही नाही, हे आधीच ठरवून टाका. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद. बेटाला ज्याच्यावरून परदेशी नाव मिळालं तो दगडी हत्तीही तिथे नाही. तो हलवताना मोडला, पुन्हा जोडला, आणि आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

"गेटवेतून पंचम जॉर्ज आला आणि ताज उलटा बांधला गेला."

राजा आला डिसेंबर १९११ मध्ये. तेव्हा गेटवेची पायाभरणीही झालेली नव्हती. स्वागताला पुठ्ठ्याची कमान होती. दगडी गेटवे पुरा झाला १९२४ मध्ये. त्यातून जाताना नोंद राहिली ती आलेल्यांची नाही, गेलेल्यांची : २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण इथून बोटीवर चढली.

ताजची गोष्ट गाइड अजून रंगवून सांगतात. नकाशा उलटा वाचला गेला, हॉटेलची पाठ समुद्राकडे झाली, म्हणून वास्तुविशारदाने वरून उडी टाकली. ताज १९०३ मध्ये उघडलं, गेटवेच्या एकवीस वर्षं आधी, तेव्हा गेटवेकडे तोंड की पाठ हा प्रश्नच नव्हता. मूळ दरवाजा शहराच्या बाजूला ठेवला होता तो ठरवून. आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा हात होता. ते बांधकाम पुरं होण्याआधीच आजाराने वारले आणि काम चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने पुरं केलं. उडी कुणी टाकली नाही. बिचाऱ्या वैद्यांचं नाव कुठल्या गाइडच्या तोंडी नाही, ती काल्पनिक उडी मात्र आहे.

"आलोच आहोत तर मंत्रालयातलं काम करून घेऊ."

सातबाऱ्याच्या दुरुस्तीचा अर्ज पिशवीत घालून सहलीला निघालेली माणसं आपल्याकडे आहेत, म्हणून हे सांगायचं. मंत्रालय २०२० पासून शनिवार-रविवारी बंद. इतर दिवशी सर्वसामान्यांना प्रवेश दुपारी, आणि आता त्याची नोंदणी मोबाइलवरच्या ॲपमधून करावी लागते. म्हणजे सहलीचा नेमका मधला भाग रांगेत जातो. काम आणि सहल वेगळी ठेवा.

"हाजी अलीला केव्हाही जाता येतं."

दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे बरोबर तुम्ही तिथे पोचाल तेव्हा. दिवस ठरवताना कॅलेंडरवरची तिथी बघितली तर हेलपाटा वाचेल.

"राणीचा हार बघून निघू."

मरीन ड्राइव्हचे दिवे लागतात अंधार पडल्यावर. डेक्कन क्वीन पाचच्या थोडं पुढे सुटते. दोन्ही होत नाही. दिवे बघायचेच असतील तर परतीची सोय आधी बघा. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या सगळ्याच गाड्या लोणावळ्याला थांबत नाहीत. दादरहून बस मिळते, पण ती लोणावळा गावात शिरणारी आहे की द्रुतगतीवरून थेट पुण्याला जाणारी, हे पाय ठेवण्याआधी वाहकाला विचारा. आणि कामशेत-वडगावला जायचं असेल तर लोणावळ्याहून शेवटची लोकल किती वाजता सुटते ते सकाळी निघतानाच फलाटावर बघून ठेवा.