खांदेरीची कोंडी

१६७९च्या ऑगस्टात, पावसाळा सरायच्या आत, शिवाजी महाराजांची माणसं खांदेरी बेटावर उतरली आणि मायनाक भंडाऱ्यांनी तटाचं काम सुरू केलं. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी. तिथं तोफा बसल्या की मुंबईत ये-जा करणारं प्रत्येक जहाज महाराजांच्या नजरेखाली येणार, हे इंग्रजांनी लगेच ताडलं. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्पनं बेटावर उतरायचा प्रयत्न केला, त्यात तो मारला गेला. मग उरला एकच मार्ग: जहाजं आणि भाड्याची शिबाडं भोवती उभी करायची आणि बेट उपाशी पाडायचं. माणसांना धान्य, बांधकामाला सामान, तोफांना दारूगोळा, सगळं किनाऱ्यावरूनच येणार होतं.

नाकेबंदीचं गणित हे असं असतं. कागदावर ते लढाईपेक्षा स्वस्त दिसतं. पण कोंडी करणाऱ्याला रोज रात्री जागेवर हजर राहावं लागतं आणि कोंडलेल्याला त्यातल्या चार-दोन रात्री साधल्या तरी महिना निघतो.

माझं माहेर थळचं. खांदेरी आमच्या किनाऱ्यावरून रोज दिसते, मध्ये उंदेरी. माझ्या काकांचा जन्म होडीवर गेला. एका अवसेच्या रात्री त्यांनी मला या पट्ट्यात नेलं, इंजिन बंद केलं आणि पुढच्या होडीवरचा दिवा विझवायला सांगितलं. ती होडी हाकेच्या अंतरावर होती, पण क्षणात दिसेनाशी झाली. वल्ह्यांचा आवाज येत होता, कुठून ते मात्र कळेना. काका म्हणाले, "बाय, मोठ्या गलबताला वारा लागतो, खाली पाणी लागतं. वल्ह्याला दोन्ही नको." इंग्रजांच्या कागदांत हीच तक्रार पुनःपुन्हा येते. मराठ्यांच्या हलक्या, अरुंद होड्या रात्री उथळ पाण्यातून सटकतात आणि आपली जहाजं बघत राहतात. खडपांत शिरायची त्यांची हिंमत नव्हती, आणि वारा पडला की जागचं हलताही येत नव्हतं.

१८ ऑक्टोबरला उजाडता उजाडता मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार नागावकडून चालून आलं. इंग्रज जहाजं नांगरावर होती. नांगर उचलायलाही धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' हे गुराब मराठ्यांनी पकडलं. बाकीची छोटी जहाजं लांब राहिली आणि कॅप्टन केग्विनची 'रिव्हेंज' एकटी पडली. तिनं मात्र झुंज दिली, मराठ्यांची काही गलबतं बुडवली आणि आरमाराला नागोठण्याकडे मागे फिरायला लावलं. म्हणजे त्या दिवशीचं मैदान इंग्रजांचं म्हणावं लागेल. तरीही बेटाला रसद पोहोचतच राहिली, आणि माझ्या मते खरा निकाल तोच होता. नोव्हेंबरात जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार इंग्रजांच्या मदतीला आलं, तरी खांदेरी पडली नाही. कंपनीच्या सुरतेतल्या वरिष्ठांना हा खर्च जड झाला होता. १६८०च्या जानेवारीत इंग्रजांनी जहाजं काढून घेतली.

पुढे १८५६च्या पॅरिस जाहीरनाम्यात युरोपच्या राष्ट्रांनी हेच तत्त्व लिहून ठेवलं: नाकेबंदी मानायची तर ती प्रत्यक्षात अमलात हवी, किनाऱ्याची वाट खरोखर अडवण्याइतकं बळ तिथं हवं. नुसत्या घोषणेनं तटस्थ देशांची जहाजं अडवता येणार नाहीत. १९७१ला बंगालच्या उपसागरात 'विक्रांत'ची विमानं चितगाव आणि कॉक्स बझारवर घिरट्या घालत होती, तेव्हा पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्राची वाट उरली नाही, ती अशा हजेरीमुळे.

कोंडी पूर्ण झाली की काय होतं, हे मराठी माणसाला पानिपतानं शिकवलंय. अब्दालीनं रसद तोडली, रसद गोळा करणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायका-मुलं, बाजारबुणगे सगळेच उपाशी राहिले. १४ जानेवारी १७६१ला फौज बाहेर पडली ती उपासमारीनं मेटाकुटीला आल्यावर. पहिल्या महायुद्धात ब्रिटननं जर्मनीची कोंडी केली आणि नोव्हेंबर १९१८ला तोफा थांबल्यावरही ती जुलै १९१९पर्यंत चालू ठेवली. सैनिकाच्या ताटात शेवटपर्यंत काही ना काही पडतं. आधी रिकामी होतात ती घरातल्या म्हाताऱ्यांची आणि पोरांची ताटं. म्हणून नाकेबंदीला कुणी सौम्य शस्त्र म्हटलं की मला राग येतो.

खांदेरीवर ती वेळ आली नाही, कारण थळ-नागावच्या होड्या थांबल्या नाहीत. जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. तट बघायला लोक येतील, यावेत. पण त्या रात्री वल्ही मारणाऱ्यांची नावं कुठल्या यादीत नाहीत.

सिद्दीनं मात्र खांदेरीच्या फसलेल्या कोंडीतून धडा घेतला. बाहेरून वेढा घालून बेट पडत नाही म्हटल्यावर १६८०च्या जानेवारीतच त्यानं मधली उंदेरी ताब्यात घेतली आणि तिथं तोफा चढवल्या. संभाजी महाराजांच्या माणसांनी त्याच वर्षी तिच्यावर केलेला हल्ला फसला. त्यानंतर खांदेरीला जाणाऱ्या प्रत्येक होडीला उंदेरीच्या तोफांचा मारा चुकवूनच जावं लागलं.