मानवी हक्कांचा विचार आणि राज्यक्रांती

राजा हा ईश्वराचा प्रतिनिधी असून त्याच्याविरुद्ध बोलणे म्हणजे पाप, ही समजूत युरोपात शतकानुशतके रुजलेली होती. इंग्लंडमधील विचारवंत जॉन लॉक यांनी १६८९ साली तिला जबर धक्का दिला. जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता हे माणसाचे नैसर्गिक हक्क होत. त्यांच्या रक्षणासाठीच लोक आपल्या संमतीने शासन निर्माण करतात आणि शासनच ते हक्क तुडवू लागले, तर ते बदलण्याचा अधिकार लोकांना आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढे फ्रान्समध्ये माँटेस्क्यू यांनी सत्तेच्या विभागणीचा, तर रूसो यांनी १७६२ साली जनतेच्या सार्वभौमत्वाचा सिद्धांत मांडला.

केवळ ग्रंथांनी क्रांती होत नाही. फ्रान्समध्ये सरदार व धर्मगुरू बहुतेक करांतून मुक्त होते आणि कराचा बोजा शेतकऱ्यांवर होता. भाकरी महागली होती. हे दुःख दैवाचे नसून अन्यायी व्यवस्थेचे आहे, ही जाणीव नव्या विचारांनी दिली. अमेरिकेत थॉमस पेन यांच्या 'कॉमन सेन्स' या पुस्तिकेने तोच विचार सामान्यांच्या भाषेत घरोघरी नेला. ४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले. २६ ऑगस्ट १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला.

परंतु हे हक्क कोणाचे? अमेरिकेच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी अनेकजण स्वतः गुलामांचे मालक होते. फ्रान्समध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूज यांना १७९३ साली गिलोटिनवर चढविण्यात आले. हैती बेटावरील फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी मात्र ऑगस्ट १७९१ मध्ये उठाव केला. १७९४ साली फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने ती पुन्हा लादू पाहताच त्यांनी त्याच्या सैन्याचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. ज्यांना वगळले होते, त्यांनीच त्या शब्दांना खरा अर्थ दिला.

या विचारांचा आपल्याशीही जवळचा संबंध आहे. पेन यांचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ तरुणपणी महात्मा जोतीराव फुले यांच्या वाचनात आला. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८७३ सालचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले. कायदा हक्क देऊ शकतो. पण समाजात बंधुभाव नसेल तर कायद्याने दिलेले हक्क टिकत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही मनातील जात कायद्याच्या एका कलमाने जात नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, संविधानाचा तिसरा भाग केवळ परीक्षेपुरता वाचू नका. आपले हक्क जाणा, आणि आपल्या घरातील स्त्रीला व आपल्याहून दुबळ्या माणसाला ते मिळतात की नाही, हेही तपासा. क्रांतीचे उरलेले काम तेथे आहे.

जय भीम!